पुसलेली खूण आणि काळबांडे सर

काळबांडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या पडक्या विहिरीच्या काठावर. आमचा मळा मानोऱ्याच्या शाळेला लागून. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते वडील बाजारात नेत. मी तेव्हा पाचवीत होते. एका दुपारी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि खांद्यावर रिकामं पोतं अशा थाटात सर मळ्यात शिरले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या इहिरीच्या पडक्या इटा नेऊ का?"

वडिलांना वाटलं, मास्तर घर बांधताहेत. "काय बांधून राह्यले सर?"

"बांधत नाही, कुटून राह्यलो," असं म्हणत सरांनी पोतं भरायला सुरुवातही केली. सर गेल्यावर वडील आईला म्हणाले, "मास्तरचं डोकं सरकलं वाटते."

सर शाळेत क्रीडाशिक्षक. कबड्डी आणि खो-खो हे त्यांचे विषय. पण एकदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी टीव्हीवर पॅरिसच्या मैदानावरचा टेनिसचा सामना पाहिला आणि स्पेनचा एक खेळाडू त्यांच्या मनात कायमचा जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळाडू खेळणार म्हणून सरांनी ऐन क्रिकेटच्या वेळी हॉटेलमालकाला चॅनल बदलायला लावलं. गिऱ्हाइकांनी सरांना काय काय ऐकवलं, ते सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. सर मात्र जागचे हलले नाहीत. तिथली मैदानं विटांच्या भुग्याची असतात असं त्यांना पुढं कुठूनतरी कळलं, आणि मग आमच्या विहिरीच्या विटांवर संक्रांत आली.

त्या खेळाडूचं नाव आमच्या गावात कुणालाच नीट घेता आलं नाही, सरांनाही नाही. आम्ही त्यांना स्पेनवाले दादा म्हणायचो. याही लेखात तसंच म्हणते, कारण दुसऱ्या नावानं ते मला आपले वाटतच नाहीत. त्या विटा कुटून सरांनी शाळेत टेनिसचं मैदान केलं आणि आम्हा पोरींना खेळ शिकवायला लागले. संध्याकाळी मैदानावर पाणी मारता मारता सर दादांची गोष्ट सांगत. दादांच्या वडिलांची म्हणे संत्र्याची बाग. दादा संत्रे भरायच्या शेडच्या भिंतीवर चेंडू मारून खेळ शिकले. मोठ्या शहरातल्या प्रशिक्षकानं उंची कमी म्हणून परत पाठवलं. "मंग त्याची माय म्हने, बापू, उंची काय आंब्याच्या झाडाले बी असते, खेय तू!" असं सर अगदी त्या माउलीशेजारी उभं राहून ऐकल्यासारखं सांगत. दादा पुढं पॅरिसला जिंकले, मग मनगट गेलं, दोन हंगाम घरी बसले, सगळ्यांनी त्यांना मोडीत काढलं, आणि परत येऊन ते पुन्हा जिंकले. हा भाग आला की सर हातातली पाण्याची नळी विसरत आणि आमच्यातल्या एखादीचे बूट भिजत.

पुष्कळ वर्षांनी मी दादांची माहिती इंटरनेटवर वाचली. त्यांचे वडील बँकेत नोकरीला होते. संत्र्याच्या बागेचा, शेडचा, त्या माउलीच्या उद्गाराचा कुठं पत्ताच नव्हता. मनगट, दोन हंगाम आणि पुनरागमन एवढंच खरं. मी तावातावानं सरांना फोन केला. सर म्हणाले, "बँकेत व्हते काय? असंन बाप्पा. पन बँकवाल्याचं पोरगं सांगतलं असतं तं तुमी पोट्टे आले असते का खेयाले?"

सरांनी आम्हाला दिलेलं प्रेम या ग्रंथात इतरांनी लिहिलेलं असेलच. मला आठवते ती तांड्यावरची सुमन. दिवाळीनंतर तिचं घर ऊसतोडीला जायचं आणि तिचा खेळ तुटायचा. सरांनी तिच्या सामानात एक रॅकेट आणि चेंडू बांधून दिला आणि सांगितलं की कारखान्याला भिंत तर असेलच. उन्हाळ्यात सुमन परत आली तेव्हा त्या चेंडूवर लवसुद्धा उरली नव्हती. सरांनी तो चेंडू सगळ्यांना दाखवला, आणि आम्हा घरी राहिलेल्या पोरींना दिवसभर टोमणे ऐकावे लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गौरव समितीतल्या मंडळींनी मला प्रेमानं सुचवलं होतं की हा प्रसंग शुभकार्यात नको. पण सरांनी मला घरी बोलावून बजावलं, "स्वाते, लिहायचं असंन तं ते लिही. नाही तं माह्यावर लिहूच नको." तेव्हा समितीनं मला माफ करावं.

स्पेनवाले दादा प्रत्येक गुणानंतर बुटानं जमीन सारवल्यासारखी करत, हे सरांनी टीव्हीवर पाहिलं होतं. ते रेघ साफ करत असत. पण सरांनी त्यातून आपला अर्थ काढला. विटांच्या मातीवर चेंडू पडला की त्याची खूण उमटते. सरांनी नियम केला की गुण संपला की ती खूण पायानं पुसायची. हरलेला गुण असो की जिंकलेला, पुसायचा आणि पुढं जायचं. "झालं ते मातीत गेलं," असं सर म्हणत. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं की देवळात शिरताना चप्पल काढावी तसा पाय आपोआप फिरायचा. मला तर शाळेत गणित चुकलं तरी बाकाखाली पाय घासायची सवय लागली होती.

मी दहावी झाले त्या वर्षी अमरावतीला विभागाच्या संघाची निवड होती. आईची कंबर धरलेली, मळ्यात माणूस कमी. वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "निवड झाली तं खेय. नाही झाली तं मंग बस झालं, मळ्यात हात लाव." ते चिडून बोलले नव्हते, म्हणून जास्त भीती वाटली. मला खेळ सोडायचा नव्हता. त्या वयात मला त्याखेरीज काही म्हणजे काही नको होतं.

शेवटचा सामना विटांच्याच मैदानावर होता, म्हणून मी खुशीत होते. समोरची मुलगी शहरातली, माझ्यापेक्षा उंच, पण मी तिला दमवून काढलं होतं. तिसऱ्या सेटमध्ये अशी वेळ आली की एक गुण मिळाला की निवड पक्की. तिचा चेंडू मागच्या रेघेच्या बाहेर चार बोटं पडला. मी हात वर केला. उंच खुर्चीवरच्या पंचांना खात्री नव्हती, म्हणून ते खूण बघायला खाली उतरू लागले. आणि ते उतरत असताना, अगदी शहाण्या मुलीसारखी, मी ती खूण पायानं पुसून टाकली.

पंच अर्ध्या शिडीवर थांबले. खूण पाहण्याआधी खेळाडूनं स्वतःच पुसली तर चेंडू आत होता असं त्यानं मान्य केलं असं धरतात, एवढं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि गुण तिला दिला. मला कळेचना काय झालं. मी कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं. सर धावत आले आणि पंचांवर असे काही कडाडले की आजूबाजूची मैदानं थांबली. पंचांनी वाद घातला नाही. नियमांचं पुस्तक काढून त्यांनी पान समोर धरलं. सरांनी ते वाचलं. इंग्रजीत होतं, म्हणून बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग हात जोडून म्हणाले, "माफ करा साहेब." एवढ्या मोठ्या आवाजाचे सर इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतरचा एकही गुण मला मिळाला नाही.

परतीच्या एसटीतून मानोऱ्यात उतरल्यावर सर घरी न जाता माझ्याबरोबर मळ्यावर आले. वडील टोपल्यात वांगी लावत होते. सर अंगणात उभेच राहिले.

"भाऊ, पोरगी हारली नाही. मी हारलो. मीच तिले चुकीचं शिकवलं. मले नियमच माहीत नोता."

वडील उठले. "माहीत नोता तं शिकवता काहून मंग? माह्या पोरीनं उन्हातान्हात पाय घासले ते काय तुमच्या अंदाजावर?"

आई "अवं, सर हायेत ते," म्हणत मधे पडली, पण वडील ऐकेनात. सर मान खाली घालून सगळं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमचं बरोबर हाय. उद्यापासून मैदान बंद करतो. आधी मी शिकून येतो, मंग शिकवतो." आणि चहाही न घेता गेले.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मी अंथरुणात तोंड खुपसून सरांना मनातल्या मनात वाट्टेल ते बोलत होते. आणि पलीकडून वडिलांचा आवाज आला. ते आईला म्हणत होते, "मास्तर असून 'मले येत नाही' म्हन्ला. म्या असा मानूस पायला नाही." मग म्हणाले, "थे मास्तर शिकून आले की पोरीले खेयू दे."

सरांनी खरोखरच मैदानाला कुलूप लावलं आणि वयाच्या चाळिशीनंतर, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत बसून, पंचांच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. पुस्तक इंग्रजी. ते समजावून द्यायला कोण? मी! संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मी वाक्य फोडून सांगायची आणि सर मान डोलवायचे. चुकले की मी खेकसायची. "हौ मॅडम, हौ मॅडम," म्हणत सर पुन्हा वाचायचे. वडील येता जाता ऐकत आणि एखादा नियम सरांच्या आधी त्यांनाच पाठ झालेला असे. पहिल्या वेळी सर नापास झाले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत, सगळ्या मुलांसमोर, त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. हसणारी मुलं हसली. पुढच्या वेळी सर पास झाले, कुलूप उघडलं, आणि पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला रॅकेटला हात लावू न देता नुसते नियम शिकवले. सुमन म्हणाली, "सर, यापेक्षा ऊसतोड बरी." तेव्हा कुठं सर हसले.

सरांची विद्वत्ता, सरांची दूरदृष्टी असं इथं लिहिण्याची पद्धत आहे. मला तसं लिहिता येत नाही. सर चुकले, आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन त्यांनी ते सांगितलं. माझ्या पाहण्यात तरी शिक्षकांपैकी दुसऱ्या कुणी असं केलेलं नाही. आज मी मंगरूळपीरला क्रीडाशिक्षिका आहे, आणि सुट्टीत पंच म्हणून त्याच उंच खुर्चीवर बसते. सामना सुरू होण्याआधी मी दोन्ही खेळाडूंना जवळ बोलावून खुणेचा नियम समजेल अशा भाषेत सांगते. सांगणं बंधनकारक नाही. बरोबरीचे पंच मला त्यावरून चिडवतात. मी खुशाल चिडवू देते.

आता खरं ते सांगून टाकते. त्यानंतर मी पुष्कळ खेळले, पण निवडीचं वय निघून गेलं, आणि विभागाचा तो शर्ट माझ्या अंगावर कधी आला नाही. स्पेनवाल्या दादांना मनगट गेल्यावर दुसरी संधी मिळाली. मला नाही मिळाली. आजही एखाद्या मुलीच्या अंगावर तो शर्ट पाहिला की माझा जीव तुटतो. हे मी सरांना कधी बोलले नव्हते. परवा हा लेख लिहायला घेण्याआधी त्यांच्या घरी गेले, तेव्हा बोलले. सरांनी ऐकून घेतलं. नेहमीसारखी दादांची गोष्ट काढली नाही, समजूत घातली नाही. एवढंच म्हणाले, "मले माहीत हाय, स्वाते. मलेबी वाट्टे तसंच." मग सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघांनी डोळे पुसले.

निघताना सर दारापर्यंत आले. आता गुडघा दुखतो, पण मैदानावर जाणं थांबलेलं नाही. मी म्हटलं, "सर, साठी झाली, आता जरा जपा." तर म्हणाले, "काहून? माह्यावरचा तुहा राग गेला का?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते इथं सर्वांसमक्ष देते. नाही सर, गेला नाही. थोडा कमी झाला आहे, पण पुरता जायला अजून पुष्कळ वर्षं लागतील. तुमच्यावर रागवण्याचा हक्क माझ्याइतका कुणाचा नाही, आणि तो मी सोडणार नाही. तेव्हा गुडघ्याला तेल लावा, काकूंचं ऐका, वेळेवर जेवा, आणि तो राग संपेपर्यंत चांगले धडधाकट राहा. तो लवकर संपणार नाही, याची काळजी मी घेईन.