शेठजींच्या लाँचवरचं रडार

केवळराम कापगते पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आला आणि राहूनच गेला.

नौदलात त्यानं दहा वर्षं रडार दुरुस्तीचं काम केलं होतं. १९७५ साली मुदत संपली, तेव्हा मुंबईच्या एका वर्कशॉपनं त्याला बोलावलं. काम मच्छीमारी ट्रॉलरांवर रडार बसवायचं होतं. त्याआधी घरच्यांना भेटून यावं म्हणून तो भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी, लाखनीला उतरला. चौथ्याच दिवशी त्याचे वडील सुखराम धानाच्या शेतात, बांधीत कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला, ‘जा’. पाणी पाहिजे असलं तरी ‘जा’, कूस बदलायची असली तरी ‘जा’.

केवळरामला भाऊ नव्हता. त्याची बायको धुरपता एकटी सासऱ्याला उचलू शकत नव्हती. त्यानं मुंबईला नकार कळवला आणि हायवेवर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

तीन वर्षांनी ताराचंद शेठ त्या दुकानात आले. त्यांची राइस मिल होती, आणि झरीच्या धरणात पाहुण्यांना फिरवायला त्यांनी एक लाँच ठेवली होती. मागच्या पौषात धुक्यात त्यांना दोन तास काठ सापडला नव्हता.

“केवळ, तू जहाजावर होता नं? मले रडार पायजे.”

“शेठजी, धुकं वर्षातून आठ-दहा सकाळी पडते. त्या दिवशी लाँच काढू नका.”

“पाहुणे काय धुकं पाहून येतात?”

केवळरामनं हातातला रेडिओ बाजूला ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी त्याला त्याचं काम विचारत होतं.

सासरहून बोलावलेल्या बहिणीला वडिलांजवळ बसवून तो शेठजींबरोबर मुंबईला गेला. ज्या वर्कशॉपनं त्याला बोलावलं होतं, तिथेच. जुन्या ट्रॉलरांवरून उतरवलेले दोन सेट फळीवर होते. शेठजींनी मोठ्यावर हात ठेवला. तो अठ्ठेचाळीस मैल पाहायचा.

“आपलं तळं चार मैलाचंही नाही, शेठजी,” केवळराम म्हणाला. “लांबचं पाहून काय करता? आपल्या पाण्यात बुडालेली झाडं उभी आहेत. जवळचं कोणतं नीट दाखवते, ते पाहा.”

मोठ्या सेटला शंभर मीटरच्या आतलं काही दिसत नव्हतं. लहान्याला तीस मीटरवरचंही दिसे, आणि तो लाँचच्या चोवीस व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याजोगा होता. लहाना ठरला. निघताना वर्कशॉपचा मालक केवळरामला बाजूला घेऊन म्हणाला, “अजून जागा आहे. येतोस का?”

“पाहतो,” तो म्हणाला.

बसवायला बारा दिवस लागले. लहरी सोडत फिरणारा स्कॅनर माणसांच्या डोक्यावरून जाईल इतका उंच हवा. पण फार उंच नेला तर जवळचं दिसेनासं होतं, शिवाय हलकी लाँच डोलते. त्यानं सागवानाचा खांब दोनदा कापला. होकायंत्र जवळ होतं, म्हणून लोखंडी बोल्ट टाकून भंडाऱ्याहून पितळेचे करून आणले. शेवटी लाँचचं नाक धरणाच्या दरवाजाच्या बुरुजाकडे धरलं आणि पडद्यावरची दिशेची रेघ बरोबर बुरुजाच्या ठिपक्यावर बसेपर्यंत स्कॅनर फिरवत राहिला. ती बसली तेव्हा तो एकटाच हसला.

जानेवारीत शेठजींच्या मुलीला पाहायला नागपूरची मंडळी आली. सकाळी नऊला लाँच सुटली आणि पाण्याच्या मधोमध धुकं उतरलं. पुढचा कठडासुद्धा दिसेना. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून लावलेल्या रबरी टोपात केवळरामनं तोंड घातलं. समोर, डावीकडे, मागे, सगळीकडे ठिपके होते. लाँच बुडालेल्या झाडांच्या मधोमध होती. खोडाला घासल्याचा आवाज आला. एक बाई रडायला लागली.

“इंजन हळू करा. आणि दोघं जण बांबू घेऊन पुढं उभे राहा,” तो टोपातूनच म्हणाला. “पाण्याखालचं मले दिसत नाही. जरा डावीकडे... थांबा. आता सरळ.”

पाऊण तास त्यानं तोंड वर काढलं नाही. लाँच काठाला लागली, तेव्हा टोपाचा वळ त्याच्या कपाळावर उमटला होता.

त्या दिवसापासून शेठजी त्याच्याशिवाय पाण्यावर जाईनात. त्यांनी सुखरामसाठी नागपूरचा डॉक्टर आणला, मिलमधून तांदूळ पाठवला. त्यांनी कधी अट घातली नाही. पण उन्हाळ्यात मुंबईहून वर्कशॉपचं पत्र आलं, तेव्हा केवळरामला आधी आठवला तो डॉक्टर आणि तो तांदूळ.

धुरपता म्हणाली, “जा ना तुमी. मी पाहून घेईन.”

“तुह्यानं बाबा उचलते काय?”

तिनं पत्र घडी घालून त्याच्या हातात दिलं.

तो वडिलांच्या बाजेजवळ बसला. “बाबा, मले मुंबईले बोलावून राहिले. जाऊ काय?”

“जा,” सुखराम म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी त्याच्या सदऱ्याची बाही धरली होती. त्यानं हळूच सोडवून पाहिली. मूठ सुटली नाही.

“जा,” ते पुन्हा म्हणाले.

तो संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. पत्राचं उत्तर त्यानं पाठवलं नाही.

सुखराम १९८२ च्या वैशाखात गेले. तेरावं उरकल्यावर केवळरामनं स्वतःहून मुंबईला लिहिलं. महिन्यानं त्याचंच पाकीट परत आलं. वर्कशॉप तिथून हललं होतं. कुठे, ते लिहिलेलं नव्हतं. तोवर गावात टीव्ही येऊ लागले होते. त्यानं छपरांवर अँटेना बसवायला घेतले.

दोन वर्षांनी शेठजींनी लाँच भोपाळच्या एका माणसाला विकली. रडार केवळरामनंच उतरवलं, वायरींना चिठ्ठ्या लावल्या आणि ट्रकबरोबर भोपाळला ते बसवून द्यायला गेला. आठ दिवस म्हणून गेला होता. नवा मालक काम पाहून खूश झाला आणि म्हणाला, यहीं रुक जाओ, रहने का इंतजाम कर देंगे. केवळरामनं समोरच्या मोठ्या तलावाकडे पाहिलं. हो म्हणायला आता काहीच आड येत नव्हतं. तरी त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली.

नवव्या दिवशी तो लाखनीला उतरला. धुरपतानं ताट वाढलं.

“मोठं आहे काय तिथलं पाणी?”

“लय मोठं,” तो म्हणाला. “उद्या पोहरा गावाले अँटेना लावायचे आहेत. लवकर उठवजो.”