पाण्यावर चालणारा साधू

आधी चहा संपवा. अर्ध्या कपावर हा किस्सा ऐकला तर चहा नाकातून बाहेर येतो, अनुभव आहे! आणि हसायचं असेल तर बिनधास्त हसा. माझी आईसुद्धा अजून हसते, तुम्ही कशाला मागे राहता?

तर मी स्कॉटलंडमध्ये शिकून राहात्याजवळच्या आमच्या गावात परत आलो, ते गाव बदलायचंच असं ठरवून. गावाला याची कल्पना नव्हती.

ग्रामपंचायतीशेजारी एक खोली रिकामी पडली होती. तिथं मला विज्ञान केंद्र काढायचं होतं. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, भिंतीवर ग्रहमाला! अंधश्रद्धा दोन महिन्यांत हद्दपार! आमच्या सरपंच मंदाताई म्हणाल्या, "खोली देते की. पन ग्रामसभेला मानसंच येत न्हाईत रे. तू गाव गोळा करून दाखव, ठराव तिथल्या तिथं करू."

गाव गोळा करायचं! एवढंच ना?

आता जरा दुसरीकडे वळतो. दुपारी पेरूच्या बागेत, शेततळ्याशेजारच्या शेडमध्ये बसून मी ऑनलाइन गेम खेळतो. सोबत स्कॉटलंडचा मित्र ईअन. राक्षस, जादू, ड्रॅगन, असला सगळा मामला. त्यात माझं पात्र म्हणजे एक साधू. हातात शस्त्र नाही, नुसत्या लाथाबुक्क्यांनी लढतो. थोडी मजल मारली की त्याला एक नवी सिद्धी निवडता येते, आणि एकदा निवडली की बदलता येत नाही. त्या दिवशी समोर पर्याय होते: पाण्यावर चालणं, उडता बाण हाताने पकडणं किंवा विष पचवणं. ईअन हेडफोनमधून कानात ओरडत होता, "अरे, निवड एकदाचं काहीतरी!"

शहाण्या माणसाने बटण दाबलं असतं. पण माझ्या डोक्यात लोकसहभागाचं वारं! म्हटलं, साधू या विषयात गावाचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा, मग गावालाच का विचारू नये?

गेलो थेट मारुतीच्या पारावर. तिथं माझे चुलते रंगनाथतात्या भजनी मंडळासह तोंड पाडून बसले होते. तात्या म्हणजे सप्ताह कमिटीचे अध्यक्ष. सप्ताह तोंडावर आला होता आणि काल्याच्या कीर्तनाला ठरलेल्या महाराजांनी ऐन वेळी नकार कळवला होता. हे मला कधी कळलं? सगळा घोळ होऊन गेल्यावर.

"तात्या, माझ्याकडे एक साधू आहे," मी म्हणालो.

सगळं भजनी मंडळ ताठ झालं.

"कुठं असत्यात ते?" तात्यांनी विचारलं.

आता सर्व्हर म्हणजे काय, हे मराठीत कसं सांगू? म्हटलं, "तसं बघितलं तर तो कुठंच नसतो, तात्या. आणि एकाच वेळी सगळीकडे असतो."

"आहाहा!" पखवाजवाले किसनराव म्हणाले.

"खात्यात काय?"

"काहीच नाही."

"वय?"

"वय नसतं त्याला. मेला तरी परत उठून उभा राहतो."

"आन् तुला कसं काय गावले?"

"मी डोळे लावून बसलो की तो चालायला लागतो."

किसनरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. आता तुम्हीच सांगा, यात एक तरी शब्द मी खोटा बोललो का?

मग मी तिन्ही सिद्धी समजावल्या आणि मतदान ठेवलं.

"बान कोन मारतंय आता?" तात्या म्हणाले. "आन् इखाचं म्हनशील, तर द्राक्षं फवारता फवारता निम्मं गाव इख पचवतंय. त्याला महाराज कशाला? पान्यावरच चालू द्या."

एकमताने पाणी! लोकशाही म्हणतात ती ही! मी भारावून म्हणालो, "गुरुवारी दुपारी या, सगळ्यांना दाखवतो."

"आपल्या शेततळ्यावर ठेवू," तात्या म्हणाले.

"उत्तम! रेंजही तिथंच येते."

गुरुवारी लॅपटॉप काखेत मारून निघालो, तर रस्त्यावर टेम्पोच टेम्पो. शेजारच्या गावांतली माणसं, मांडव, नारळांची पोती, आमटीच्या कढया. मागच्यांना दिसावं म्हणून तात्यांनी भाड्याने भला मोठा स्क्रीनसुद्धा आणलेला! डिजिटल साक्षरतेची एवढी ओढ? खरंच सांगतो, मी डोळे पुसले.

तेवढ्यात मला शेततळं दिसलं. चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, काठावर गालिचा. मंदाताई शाल-श्रीफळ घेऊन पुढे आल्या. "महाराज कोनच्या गाडीत हायेत?"

माझ्या पायाखालचं शेततळं सरकलं.

काय करता? खरं सांगून टाकलं. "ताई, तो गेममधला आहे." लॅपटॉप स्क्रीनला जोडला. समोर निळं तळं आणि त्याच्या काठावर माझा टकला साधू. सगळ्यांनी माना उंचावल्या. आता मार बसणार या भीतीने मी साधूला पाण्यावर पिटाळलं. तो धावला! शप्पथ, पाय न भिजवता धावला! टाळ्या, शिट्ट्या, किसनरावांचा पखवाज.

"आरं, थांबव की जरा!" पुढच्या रांगेतली एक आजीबाई ओरडली. "दर्शन घिऊ दे!"

आता त्या सिद्धीची एक अट होती. साधू धावत असेल तोवरच पाणी त्याला पेलतं. मला हे माहीत होतं. पण लोकांची मागणी! लोकसहभाग!

मी थांबवला. साधू गुडुप.

लॅपटॉपमधून ईअन इंग्रजीत किंचाळला.

"परदेशी शिष्य बी हंबरडा फोडतोय," किसनराव गहिवरून म्हणाले.

तात्यांनी टोपी काढली. "जलसमाधी!" मग पटापट नारळ फुटले.

मी मंदाताईंच्या मागे धावलो. "ताई, हा खेळ आहे हो! कोणी मेलेलं नाही!"

"येडा हायस का? खेळ हाय त्ये आमाला कळतंय," त्या म्हणाल्या. "पन मानसं जमली, मांडव पडला, आमटी शिजली. आता काय घरी धाडू सगळ्यांना? गप पंगतीत बस."

बसलो. भूक लागलीच होती. आमटी काय झाली होती म्हणता! भाकरी कुस्करून दोनदा वाढून झालं, तेवढ्यात मंदाताईंनी माईक घेतला. "आज आख्खं गाव हजर हाय, तवा हीच ग्रामसभा समजा. खोलीचा ठराव घिऊ."

माझी छाती फुगली. शेवटी विज्ञानाचा विजय! पण त्याच क्षणी आमटीची बादली माझ्या मागून पुढे निघाली. वाढपी माझ्याकडे बघेना. मी जोरात हात वर केला.

"बघा!" माईकवरून मंदाताई म्हणाल्या. "सगळ्यात आधी ह्याचाच हात वर! खोली महाराजांच्या समाधिमंदिराला, एकमतानं मंजूर."