बुबुळातलं कुसळ

डोळा जाणार, हे मी मनाशी धरूनच बसलो होतो. खळ्यावर गहू उपणताना कुसळ उडून उजव्या बुबुळात रुतलं. आमच्या बोरी गावात जिभेने कुसळ काढणारी एक म्हातारी होती. "निघालं बघ," ती म्हणाली आणि मी शहाणा खुशाल घरी आलो. तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक. डावा तर लहानपणी देवी आल्या तेव्हापासून अधूच. हनुमान जयंतीचा सप्ताह तोंडावर आलेला, पोथी मी वाचायची आणि मला ओळ दिसेना.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं. टोक आतच मोडून राहिलं होतं. "इथेच खुर्चीत काढू," ते म्हणाले. मी ताडकन उठलो. डोळ्याचं काम, आणि ऑपरेशनचं थेटर सोडून बाहेरच्या खोलीत? डॉक्टर चिडले नाहीत. कुसळ वरवर आहे, सुई उकळलेली आहे, हात धुतलेत, खोल असतं तर मीच थेटरात नेलं असतं, असं त्यांनी समजावलं. फक्त डोकं हलू द्यायचं नाही.

नेमकं तेच जमेना. थेंबांनी डोळा बधिर झाला, तरी सुई जवळ आली की मान मागे. दोनदा असंच झालं. शेवटी तिथल्या सिस्टर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे त्यांना 'जय भीम' करताना मी ऐकलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं तापलेली होती, आमच्या घरी शिवाशिव पाळत आणि मीही मुकाट पाळत आलो होतो. आज सांगताना लाज वाटते.

"काका, तुमी ज्याला मानता त्याचं नाव घ्या. डोकं माझ्याकडं द्या."

दोन्ही तळहातांनी त्यांनी माझं डोकं यंत्राच्या पट्टीशी धरलं. मी मारुतीचं नाव घेतलं आणि भीती कुठे गेली कोण जाणे. डॉक्टरांनी बोटावर ते टोक दाखवलं, तेव्हा मला हसूच फुटलं. एवढ्याशा टोकानं माझी झोप उडवली होती!

"उपाशी हाव का? चक्कर येईल," म्हणत सिस्टरनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर, मेथीची भाजी पुढे केली. "अन् आता जिभेचा इलाज बंद." मी पोटभर जेवलो. इतका गोड प्रसाद मी कधी खाल्ला नव्हता.

सप्ताह आनंदात पार पडला, ओळ न् ओळ दिसली. जन्मभर मी मारुतीपुढे डोकं टेकवत आलो, पण सोपवलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मारुतीराया, तू कुणाच्या हातांनी धरावंस, हे ठरवणारा मी कोण?