मोटार बुधवारी मिळेल

मन्मथप्पांच्या हाताला गुण होता, हे नेकनूरमध्ये कुणीही सांगेल. विहिरीवरची जळालेली मोटार त्यांनी एकदा नवी तार गुंडाळून भरून दिली की दहा वर्षं तिच्याकडे बघायला नको. अडचण एवढीच, की ती भरून कधी मिळेल हे खुद्द मन्मथप्पांनाही ठाऊक नसे. शेतकरी मोटार दुचाकीवर बांधून आणायचा. मन्मथप्पा तिच्यावरून वैद्यासारखा हात फिरवायचे, जळक्या तारेचा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "ठिवा. बघू." या 'बघू'त तीन दिवसही मावत आणि तीन आठवडेही.

समोरच अमरनाथचं दुकान. अमरनाथ म्हणजे मन्मथप्पांचा चुलतभाऊ. काम शिकला तो यांच्याकडेच; अर्धं शिकला आणि उरलेलं फ्लेक्सवर छापून घेतलं. 'एका दिवसात मोटार' असं लिहून खाली स्वतःचा गॉगलमधला फोटो. काचेचं दार, आत फिरती खुर्ची. गिऱ्हाईक तिकडे वळू लागलं होतं, आणि मन्मथप्पा म्हणत होते, "जाऊ दे. हिऱ्याची पारख लोकाला नसतीच."

गंगासागर, म्हणजे हिऱ्याची बायको, दुपारी डबा घेऊन दुकानात यायची. बसायला जागा नव्हतीच. चारी भिंतींना मोटारी, मोटारींवर मोटारी. एका मोटारीवर पोतं टाकून ती बसायची, नवऱ्याला वाढायची आणि भांडी घेऊन घरी जायची. एका दुपारी तेलगावकडचा एक म्हातारा आला. पंधरा दिवसांपूर्वी दिलेली मोटार न्यायला आला होता. मन्मथप्पांनी कोपरे धुंडाळले, माळ्यावर चढले, बाहेर जाऊन पाहिलं. म्हातारा त्यांच्या मागे मागे. तासाभरानं म्हाताऱ्याची नजर गंगासागरच्या पोत्याखाली गेली.

"माय, माझ्या मोटारीचा पाट केलाव व्हय?"

गंगासागर ताडकन उठली. तिला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती. म्हातारा हसत होता, ते आणखी वाईट होतं. मोटार अजून उघडलेलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा ठेवून परत गेलीच नाही. तिनं खडू आणला, प्रत्येक मोटारीवर आल्याची तारीख लिहिली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे कोणत्या मोटारीला हात कधी लागला आणि कधी सुटला ते टिपत बसली. मन्मथप्पांना वाटलं, बाईला करमत नाही. पंधरा दिवसांनी तिनं कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं.

"ही पाच एचपीची. नऊ दिवस दुकानात व्हती. तुमचा हात तिला किती लागला, सांगा?"

"लई कष्टाचं काम हाय ते."

"सहा तास. बाकीचे आठ दिवस अठरा तास ती नुसती पडून व्हती. दोन दिवस बीडवरून बेअरिंग यायला. दोन दिवस वार्निश वाळायला. आन् बाकीचे दिवस तुमी पिठल्यात हिंग किती घालावा ते सटवा ड्रायव्हरला सांगत व्हता."

"कावून माझ्यावर पाळत ठिवतीस? मी कारागीर हाय. कारखान्यातला गडी न्हाई."

"तुमच्या हाताला कोण बोललं? हात रिकामा का ऱ्हातो, ते इचारतेय."

मन्मथप्पा त्या दुपारी जेवले नाहीत. म्हणजे तिच्यासमोर जेवले नाहीत. स्टँडवर जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

गंगासागरचं माहेर आष्टीचं. आई मंजुळाबाई बाजारच्या दिवशी खानावळ चालवायची. तिथं एकच नियम होता: गिऱ्हाईक आल्यावर पीठ मळायला बसायचं नाही. पीठ आधी मळलेलं, चटणी आधी वाटलेली, भाकरी मात्र समोर गरम. आलेल्या माणसाला पहिल्या घासापर्यंत थांबावं लागलं तर मंजुळाबाई चुलीवर नाही, लेकींवर जाळ काढायची. गंगासागरला वाटलं, मोटारीचं काय वेगळं आहे?

तिनं कॅलेंडरवरच्या टिपणांत पाहिलं तर येणाऱ्या दहांतल्या सात मोटारी ठरलेल्या तीन प्रकारच्याच होत्या. मग पावसाळ्यात, जेव्हा विहिरी भरलेल्या, मोटारी बंद आणि मन्मथप्पा माशा मारत बसलेले असतात, तेव्हा तिनं त्यांना त्या तीन प्रकारच्या कॉइली गुंडाळून ठेवायला बसवलं.

"मोटार आली न्हाई आन् कॉइल तयार!" मन्मथप्पा करवादले. "लग्न ठरलं न्हाई आन् बारशाची पत्रिका छापली."

"छापा. पोरगी शोधायचं काम माझं."

बेअरिंगचे चार नेहमीचे नंबर कपाटात आले. वार्निश वाळवायला तिनं लोखंडी पिंपात मोठे बल्ब लावून भट्टी केली. पहिली मोटार त्यात पापडासारखी भाजली. ती सुदैवानं घरच्याच शेतातली होती, आणि मन्मथप्पा पुढचे चार दिवस अतिशय आनंदात होते. पाचव्या दिवशी तिनं निम्मे बल्ब काढले. तेव्हापासून दोन दिवसांचं वाळणं एका दुपारीत होऊ लागलं.

सगळ्यात अवघड काम होतं मन्मथप्पांना लोकांपासून तोडणं. त्यांची बैठक तिनं आतल्या खोलीत हलवली आणि दारात स्वतःचं टेबल टाकलं. आलेली मोटार तिथंच उघडायची, काय जळलं ते बघायचं, पत्र्याचं नंबरी टोकन तारेनं बांधायचं आणि वार सांगायचा. जो सांगितला तो पाळायचा. दोन मोटारी अर्ध्यात असताना तिसरी भरायला घ्यायची नाही. हिंगावर बोलायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर.

लेक वर्षाराणी पुण्याला एमबीए करत होती. ती फोनवर म्हणाली, "आई, आम्हाला ह्याच्यावर अख्खा पेपर आहे. ऑपरेशन्स मॅनेजमेंट. जिथं काम तुंबतं ना, त्याला बॉटलनेक म्हणतात."

गंगासागरनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "आमच्याकडं त्याला अप्पा म्हणतात."

खरी परीक्षा जानेवारीत झाली. गहू ओंबीवर, हरभरा घाट्यावर, आणि जवळच्या एका गावात विजेचा दाब असा काही उसळला की एका सकाळीच सतरा मोटारी जळाल्या. दोन टेम्पो भरून मोटारी आल्या. अमरनाथच्या काचेच्या दारात आणि गंगासागरच्या टेबलापुढे सारखीच गर्दी झाली. अमरनाथ प्रत्येकाला सांगत होता, "तुमचीच आधी. उद्या घेऊन जा." गंगासागर सांगत होती, "मंगळवार. बुधवार. तुमची बुधवारीच. न्हाई जमणार आधी." ऐकून निम्मे लोक समोर गेले. पण वार तिनं बदलला नाही.

तेवढ्यात तानाजीराव आले. जिल्ह्याच्या राजकारणात त्यांचं मोठं नाव होतं. कोणत्या पदामुळे, ते कुणी विचारलं नव्हतं. पांढऱ्या गाडीच्या डिकीतून पांढऱ्या कपड्यांतल्या दोन माणसांनी काळी मोटार उतरवली.

"ही आधी घ्या," तानाजीराव म्हणाले.

"नंबर अकरा," गंगासागर म्हणाली. "बुधवारी दुपारी."

"मला वळखलं न्हाई वाटतं."

"वळखलं की. म्हणूनच नाव न इचारता लिवलं."

गर्दीत कुणीतरी खोकल्याचं सोंग केलं. तानाजीराव तिला ओलांडून आतल्या दाराशी गेले. "मन्मथप्पा, तुमी बोला की. दुकान तुमचं का बाईचं?"

गंगासागरनं आतल्या दाराकडे मान वळवली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. नेत्यापुढे वितळायला त्यांना बल्बची भट्टीही लागत नसे. आत मन्मथप्पा तार भरायच्या स्टेटरवर वाकले होते, दातांत तार धरून. त्यांनी मान वर केली नाही. तार काढली आणि म्हणाले, "मला इचारू नका, साहेब. मला बी तिनं टोकन दिलंय."

टेम्पोवाल्यापासून सगळे हसले. तानाजीरावांनी मोटार उचलायला लावली आणि रस्ता ओलांडला.

अमरनाथनं त्यांना फिरती खुर्ची दिली, चहा पाजला आणि 'उद्या'चं वचन दिलं. इथंच तो गोत्यात आला. नऊ जणांना 'तुमचीच आधी' सांगितल्यामुळे त्यानं नऊच्या नऊ मोटारी उघडल्या होत्या. ज्याचा फोन आला त्याच्या मोटारीला हात लावायचा, दुसऱ्याचा आला की ती सोडायची. तार संपली, बेअरिंग संपलं, आणि तिसऱ्या दिवशी कोणतं झाकण कोणत्या मोटारीचं हेही कळेना.

इकडे आधीच्या दोन आणि या आठ, अशा सगळ्या मोटारी बुधवारपर्यंत ठरल्या वारी गेल्या. गुरुवारी सकाळी अमरनाथ हातगाडीवर मोटारी लादून आला, मागच्या दारानं. गॉगल नव्हता.

"वैनी, एवढं वाचवा. तानाजीरावाचा गहू सुकतोय. माणसं पाठवतो म्हणलाय."

हसावं असं तिच्या मनात फार होतं. पण त्याचे लाल डोळे दिसले आणि हसू मागे फिरलं. तिनं टोकनं काढली.

"आपण घरचेच की, वैनी. नंबर कशाला?"

"घरचे म्हणून जेवून जावा, भाऊजी. मोटारीला नंबरच."

तानाजीरावांच्या मोटारीला तेवीस आला. मिळाली शनिवारी. आधी थांबले असते तर बुधवारीच मिळाली असती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सगळ्या गावाला सांगितलं.

त्यानंतर अमरनाथनं भरायचं काम सोडलं. आता तो पाइप विकतो, स्टार्टर विकतो, गोड बोलतो, जे त्याला उत्तम येतं, आणि जळालेल्या मोटारी समोर पाठवतो. तेलगावच काय, पाटोद्याकडूनही मोटारी येतात. शहरात मोटार लवकर मिळत नाही असं नाही. पण इथं सांगितल्या वारी मिळते, आणि शेतकरी तेवढ्यासाठी दहा गावं ओलांडतो.

गेल्या उन्हाळ्यात तानाजीरावांनीच 'उद्योगशील महिला' म्हणून गंगासागरचा सत्कार ठेवला. तिची ही शिस्त आपल्याच मार्गदर्शनाखाली आली, असं ते आता भाषणात सांगतात. कार्यक्रम एकचा होता. तीन वाजले तरी पाहुणे आले नव्हते. गंगासागरनं चारला एका शेतकऱ्याला मोटार देण्याचं कबूल केलं होतं. ती उठली.

"अगं, शाल?" मन्मथप्पा म्हणाले.

"तुमी घ्या. तुमाला शोभती."

मन्मथप्पांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि दोन शब्द बोला म्हटल्यावर ग्रीस कोणतं वापरावं यावर चाळीस मिनिटं बोलले. इकडे दुकानात गंगासागरनं मोटार चालवून पाहिली, करंट तपासला, झाकण आवळलं. मोटार टेम्पोत चढली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दहा मिन्टं उशीर झाला, दादा," ती म्हणाली. "माफ करा."

शेतकरी तिच्याकडे बघतच राहिला. उशीर त्यानं आयुष्यभर पाहिला होता. उशिराची माफी मागणारं माणूस पहिल्यांदाच पाहत होता.