काठी दारात

"काठी दारात, माणूस घरात."

भीमराज हे इतक्यांदा म्हणायचा की टेंभुरखेडीतल्या लहान लेकरांनाही ते पाठ झालं होतं. कुणाच्या घरी जायचं असो, ग्रामपंचायतीत जायचं असो की विहारात वंदनेला, तो बाहेरच्या भिंतीला काठी टेकवायचा, हे चार शब्द म्हणायचा आणि उजवा हात पँटच्या खिशात घालून आत पाऊल टाकायचा. काठी भिंतीला दिसली की भीमराज आत आहे, हे गावाला न विचारता कळायचं.

खिशातल्या हाताचं गुपित मात्र एकट्या त्याच्या बायकोला, शीलाला ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी पोलिओनं भीमराजचा उजवा पाय नेला होता. गुडघ्यात जोर नव्हता. पाऊल टाकताना मांडी वरून दाबून धरली नाही तर गुडघा दुमडायचा. तो दाब भीमराज खिशातल्या खिशात द्यायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं, गडी ऐटीत चाललाय. त्याच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा सहा महिन्यांत फाटायचा. शीला तिथं मांजरपाटाचं दुहेरी अस्तर लावून द्यायची. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तिनं किती खिसे शिवले त्याची गणती नव्हती, आणि खिशाविषयी दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

ते चार शब्द मुळात भीमराजच्या आज्याचे. आजा गावचा वेसकर होता. घुंगराची काठी आपटत वेशीवर राखण करायची आणि पाटलाचं बोलावणं आलं की काठीसकट हजर व्हायचं, हा त्याचा जन्म. छप्पन्न सालच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन परत आला. दुसऱ्या सकाळी पाटलाचा माणूस बोलवायला आला तेव्हा वेसकराची काठी दाराबाहेर टेकवून ठेवलेली होती.

"काठी दारात हाय, घेऊन जा," आजा आतूनच म्हणाला. "माणूस घरात हाय. तो नाही येत."

पुढे नातवाचा पाय गेला, तेव्हा काठी सोडून दिलेल्या त्याच म्हाताऱ्याला नातवासाठी काठी तोडावी लागली. त्यानं धावड्याची सरळ फांदी निवडली, साल काढली, आठवडाभर तिला तेल पाजलं आणि पोराच्या हातात देताना अट घातली. बाहेर रस्ता असतो, तिथं काठीवर टेकावं. आत माणसं असतात, तिथं आपल्या पायांवर उभं राहावं. भीमराजनं ती अट पन्नास वर्षं पाळली.

धंदा त्याचा फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचा. ग्रामपंचायतीजवळच्या लिंबाखाली त्याची लोखंडी पेटी असायची. कपाशीच्या दिवसांत शेतकरी पंप आणून आदळायचे आणि "गेला हा, भंगारात घाल" म्हणायचे. भीमराज खोलल्याशिवाय हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही.

"वरून पाहून पंपाले नाव ठेवत नसतेत बावा. खोला लागते. वायसर मोजा लागते."

मग बॅटरीवरचे पंप आले आणि पेटीपुढची गर्दी विरळ झाली. काठीचा भार वाहून वाहून डावा खांदाही धरला. पंपाचा दांडा ओढताना त्याच्या कपाळावर घाम यायचा. तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर, शीलानं महिनाभर पिच्छा पुरवल्यावर, त्यानं अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरला. दाखल्यावर चाळीस टक्के आले तर निराधारचा पगार सुरू होणार होता. एकोणचाळीस आले तर नाही. शीलाची सगळी आस त्या एका आकड्यावर होती. घरात दुसरा कमावता हात नव्हता.

गाव तालुक्याच्या शिवेवर होतं. बाजार दारव्ह्याचा, कचेरी भलतीकडे. कचेरीच्या गावी एका शाळेत तपासणीचं शिबिर होतं. भीमराज इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शीलाला घेऊन, शेजारच्या बाबुलालच्या जीपमधून तिथं गेला. वर्गाच्या दाराशी नंबर आला तेव्हा त्यानं काठी भिंतीला टेकवली.

"अवो, आज तं…" शीला बोलू लागली.

"काठी दारात," तो म्हणाला आणि आत गेला.

शीला काठीपाशी उभी राहिली. दारापासून टेबलापर्यंत तिनं अकरा पावलं मोजली. एकही पाऊल चुकलं नाही. डॉक्टर तरुण होता, बाहेरगावाहून आलेला, आणि त्या दिवशी त्याच्यापुढे एक्केचाळीस माणसं होती.

"कधीपासून आहे, काका?"

"तिसऱ्या सालापासून."

"काही काम करता?"

"करतो ना साहेब. पंप दुरुस्त करतो. पाच गावचे लोक येतेत माह्याकडे." हे सांगताना भीमराजची मान ताठ झाली होती.

डॉक्टरनं लिहिलं, शिक्का उमटला. कपात चहा ओतायलाही याहून जास्त वेळ लागतो. महिन्याभरानं दाखला आला. त्यावर आकडा होता अडतीस.

बाबुलालला ही गोष्ट आठवडाभर पुरली. "काका, तुमी दवाखान्यात गेलते का सोयरीक पाहाले? इस्त्रीचा सदरा काय, खिशात हात काय! डाक्टरले वाटलं असन, नवरदेवच आला. जरासं कण्हाचं होतं ना गा. कण्ह्याले का तिकीट लागते?"

भीमराज हसला. शीला हसली नाही. ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पीठ मळता मळता म्हणाली, "दोन टक्के त्या काठीनं खाल्ले."

"काठीनं नाही, शीला."

"मंग कोनं?"

भीमराजनं दाखला पुढे ओढला. "त्यानं पँट वर करा म्हटलं नाही. पायाले हात लावला नाही. मंग हे अडतीस आले कुठून?"

शीलाला वाटलं, माणूस विषय टाळतोय. पण दुसऱ्या दिवशी पेटीवर कागद ठेवून त्यानं स्वतःच्या हातानं माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. मागणी एका ओळीची होती: माझ्या पायाचं माप ज्या कागदावर लिहिलं आहे, तो कागद मिळावा.

कागद एकोणतिसाव्या दिवशी पोस्टानं आला. वर नाव, गाव, वय बरोबर होतं. खाली रकाने होते: पायाची लांबी, मांडीचा घेर, स्नायूंचा जोर, सांध्याची हालचाल. सगळे कोरे. अगदी तळाशी अडतीस, आणि शिक्का. भीमराजनं तो कागद पेटीच्या झाकणावर पसरला आणि शीलाला बोलावलं.

"पाह्य. यानं पंप खोललाच नाही."

शीलाला अक्षरं सावकाश लागायची, पण कोरे रकाने वाचायला अक्षरं लागत नाहीत.

तालुक्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. भीमराज तिथं गेला, कचेरीच्या दारात काठी ठेवली आणि तहसीलदार मॅडमपुढे कागद मांडला. शीला मागच्या भिंतीला टेकून उभी होती.

"काय मागणं आहे तुमचं?" मॅडमनी विचारलं.

"मागणं नाही मॅडम, इचारणं हाय. हे अडतीस कशानं मोजले?"

बाजूचा कारकून मध्येच म्हणाला, "टक्के वाढवून पाहिजे असतील तर अपिलाचा अर्ज वेगळा असतो, काका."

"वाढवू नका. मोजा. मोजून अडतीस आले तं मी मुकाट्यानं सही करतो."

मॅडमनी कागद हातात घेतला, उलटून पाहिला. मागची बाजूही कोरी होती. त्यांनी दवाखान्याला पत्र पाठवून त्या दिवशीचे सगळे कागद मागवले. कागद पुढच्या महिन्याच्या सोमवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. भीमराज मात्र प्रत्येक वेळी आला. काठी भिंतीला लावायची, प्रश्न विचारायचा, आज काय उत्तर मिळालं ते लिहून घ्यायचं आणि निघायचं. त्याचा आवाज कधी चढला नाही. शेवटी शिपाईसुद्धा भिंतीला काठी दिसली की आत वर्दी द्यायचा, "मॅडम, टेंभुरखेडी आली."

चौथ्या महिन्यात गठ्ठा आला. एक्केचाळीस कागदांपैकी सव्वीस कोरे होते. मग वरून लेखी हुकूम निघाला. सव्वीसही जणांची तपासणी नव्यानं करायची, एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, आणि पहिल्या वेळी ते मोकळे का राहिले याचा खुलासा द्यायचा.

फेरतपासणी त्याच शाळेत, त्याच वर्गात होती. डॉक्टरही तोच. पहिलं नाव भीमराजचं होतं. बाहेरच्या बाकावर तांड्यातला धावजी बसला होता, खुब्यातून वाकलेला म्हातारा. सव्वीस जणांतला तोही एक.

दाराशी भीमराजनं काठी टेकवली. शीलानं ती उचलून पुन्हा त्याच्या हातात दिली.

"आजच्या दिवस घेऊन जा. सत्तावीस वर्सं तुमचं ऐकलं. आज माहं ऐका."

भीमराजनं काठी लगेच परत ठेवली नाही. तिच्याकडे पाहत क्षणभर धरून ठेवली. "आज काठी आत नेली तं तो काठी मोजीन, शीला. पाय पुन्हा राहून जाईन." मग काठी भिंतीला लावत म्हणाला, "तू चाल आत."

बाकावरून धावजीनं विचारलं, "भीमराज, म्याही भाईर ठेवू का गा?"

"तुमी नोका ठेवू, धावजी काका. तुमी पडान."

बाकावरची सगळी हसली. धावजी सगळ्यांत जोरात हसला आणि त्यानं आपली काठी मांडीवर आडवी घेतली.

आत डॉक्टर म्हणाला, "जरा चालून दाखवा."

"आत्ताच तं चाललो साहेब, अकरा पावलं. मागच्या खेपेलेबी तेवढीच होती. आता मोजा."

भीमराज खुर्चीवर बसला आणि त्यानं पँट वर सारली. डॉक्टरनं टेबलावर पाहिलं, खण उघडला, शिपायाकडे पाहिलं. टेप कुणाकडेच नव्हती. शीलानं पिशवीत हात घातला. शिवणाची टेप तिच्याजवळ कायम असायची. ती तिनं टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं लांबी घेतली. उजवा पाय दोन इंच आखूड. घोट्याला हात लावून म्हणाला, "पाय सरळ करा." पाय हलला नाही. मग मांडीचा घेर घेताना त्याची बोटं गुडघ्याच्या वर थांबली. तिथं तळहाताएवढा काळा, टणक डाग होता.

"हे काय आहे?"

भीमराज खिडकीबाहेर बघू लागला. शीला एक पाऊल पुढे आली. बोलावं तर त्याची पन्नास वर्षांची झाकली मूठ उघडत होती, आणि न बोलावं तर आणखी एक रकाना अर्धा राहत होता.

"हात हाय तो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"खिशातून दाबतेत. नाही दाबलं तं गुडघा जाते. त्याचा घट्टा व्हय तो. आतून डबल कापड लावतो मी, तरी खिसा टिकत नाही."

भीमराजनं शीलाकडे पाहिलं नाही, पण तिला थांबवलंही नाही.

"मागच्या वेळी सांगायचं होतं ना, काका," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला.

"मागच्या खेपेले तुमी इचारलं नाही, साहेब."

डॉक्टरनं मान खाली घातली आणि एकेक रकाना भरला. भीमराजनं चष्मा लावून प्रत्येक वाचला, लांबीपाशी बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला. तळाशी छप्पन्न आले होते. शीलानं तो आकडा उलटा, टेबलाच्या या बाजूनं वाचला आणि पदराचं टोक मुठीत धरलं. भीमराजनं सही केली, कागदाची पोच मागून घेतली, घडी घालून डाव्या खिशात ठेवली आणि उठला.

शीला टेप गुंडाळू लागली तशी डॉक्टर म्हणाला, "ती राहू द्या, ताई. अजून पंचवीस जण आहेत."

तिनं टेप टेबलावरच सोडली.

तोवर भीमराजनं दारातली काठी उचलली होती. शीलासाठी तो थांबला नाही. शाळेचं मैदान मोठं होतं आणि पलीकडे बाभळीखाली बाबुलालची जीप उभी होती. शीला दाराशीच राहिली. लग्न झाल्यापासून ती त्याच्या उजव्या बाजूनं चालत आली होती, गुडघा गेलाच तर सावरता यावं म्हणून. काठी टेकत लांब जाताना मागून तिनं त्याला कधी पाहिलंच नव्हतं. डावा खांदा काठीवर चढायचा, उजवा हात खिशात खोल जायचा, पाय अर्धं वर्तुळ काढून पुढे यायचा आणि मागं धुळीत ओढल्याची एक रेघ राहायची. मग पुन्हा खांदा. अकरा पावलं कधीच संपली होती आणि मैदान अर्धंही सरलं नव्हतं.

बाकावर धावजी काठी मांडीवर धरून त्याच दिशेला बघत होता. डॉक्टर गळ्यात टेप अडकवून पुढचं नाव पुकारायला दाराशी आला होता. तोही शीलाच्या शेजारी उभा राहिला, आणि भीमराज जीपपर्यंत पोचला तरी नाव पुकारायचं राहूनच गेलं होतं.