मेहरुनभाभीचं मत

माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलंय : झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, पेपर एजन्सी. त्याखाली मी पेंटरकडून लाल रंगात 'पत्रकार' असंही लिहून घेतलं होतं. माझी बायको सुगंधा म्हणायची, पाटीवरचा तेवढा शेवटचा शब्द सोडला तर बाकी सगळं खरं आहे. यावरून अकरा वर्षं मी तिच्याशी भांडलो. गेल्या जूनपासून भांडत नाही.

आमचं गाव एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे कुठेतरी. जळगावहून निघणाऱ्या एका पेपरचे अंक मी गावात वाटतो, म्हणून त्यांनी मला वार्ताहर केलं. पगार नाही, पण ओळखपत्र आहे, आणि मोटारसायकलवर 'प्रेस' लिहायची मुभा. बातमी मिळवायची माझी पद्धत सोपी होती. चौकीतल्या हवालदाराला फोन लावायचा, तो सांगेल ते शुद्ध मराठीत लिहून पाठवायचं. शब्द तयारच असायचे : 'तणावपूर्ण शांतता', 'परिस्थिती नियंत्रणात', 'सौम्य लाठीमार'. अकरा वर्षांत मी नऊ लाठीमार लिहिले आणि नऊच्या नऊ सौम्य. पाहिला मात्र एकही नाही. लांबून काठी दिसली तरी मी गाडी दुसऱ्या गल्लीला घालतो. शाळेत असल्यापासून मला माराची भीती वाटते, आणि दुसऱ्याला पडणारा मारही बघवत नाही. त्यामुळे तो सौम्य होता असं लिहून टाकणं मला सोयीचं पडायचं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाशीच्या एका वाणाची पाकिटं गावातल्या कृषी केंद्रात आली. पहाटेपासून रांग लागली. दुकानदाराने निम्म्यातच शटर ओढलं, रांगेचा घोळका झाला, घोळक्याने शटर बडवायला सुरुवात केली आणि पोलिसांनी काठ्या काढल्या. मी तेव्हा घरी शेवभाजी खात होतो. हात धुऊन हवालदाराला फोन केला आणि बातमी पाठवली : 'जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार, कोणीही जखमी नाही.' जेवणानंतर थोडा आडवाही झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला उपसंपादकाचा फोन आला. "गिरधरराव, जनमत पाहिजे. लाठीमार योग्य की अयोग्य? पाच माणसं, पाच फोटो, पाच वाजेपर्यंत. एक ज्येष्ठ, एक तरुण, एक शेतकरी, एक महिला, एक अल्पसंख्याक. आणि समतोल राखा."

आता हे जनमत कसं तयार होतं ते सांगतो. पहिल्या वर्षी मी खरंच वही घेऊन गावभर फिरलो होतो. लोक चहाच्या टपरीवर तास तास बोलतात, पण वही उघडली की म्हणतात, "माझं नाव नको टाकू बरं का." ज्याला पोलिसांचा राग असतो तो नाव देत नाही. ज्याला वाटतं पोलिसांनी लोकांना चांगलं सडकून काढावं, तोही नाव देत नाही, कारण सडकून काढायचे ते लोक त्याच्या शेजारीच राहतात. चार वेळा असं झाल्यावर मी वही ठेवून दिली. माझ्या कॉम्प्युटरमधे अर्ध्या गावाचे पासपोर्ट फोटो आहेत. रेशनकार्ड, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. तेव्हा फोटो काढायचा, त्याखाली मत टाकायचं आणि पाठवून द्यायचं. कोणी तक्रार करत नसे. पेपरात फोटो आल्यावर कोण तक्रार करतो?

उदाहरणार्थ सुपडूआबा. आबा टपरीवर त्याच सकाळी सांगत होते, "बठ्ठासले झोडपाले पाहिजे," म्हणजे रांगेतल्या झाडून सगळ्यांना. माझ्याकडे समतोलासाठी एक 'अयोग्य' कमी पडत होता, म्हणून मी आबांच्या फोटोखाली लिहिलं, 'शेतकऱ्यावर काठी उगारणे हे लोकशाहीत शोभत नाही.' दुसऱ्या दिवशी आबांनी तो अंक टपरीवर चार वेळा वाचून घेतला आणि तेव्हापासून ते लाठीमाराच्या कट्टर विरोधात आहेत. माझ्यासमोरच मला सांगत होते, "मी पहिलेपासून म्हनी राहिनू." आपल्या लेखणीने माणूस बदलतो, असं वाटून मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

महिला आणि अल्पसंख्याक या दोन जागा मी एकाच फोटोत बसवल्या. रहीमभाई पिंजारी गाद्या भरतो, त्याची बायको मेहरुन. तिच्या फोटोखाली मी लिहिलं : 'परिस्थिती पाहता पोलिसांनी केलेला सौम्य लाठीमार योग्यच होता. अशा कारवाईमुळे आम्हा महिलांना सुरक्षित वाटते.' लिहून मी स्वतःवरच खूश झालो. समतोल तर साधलाच, शिवाय सलोखाही. मोकळ्या झालेल्या जागेवर आणखी एक शेतकरी टाकला आणि चार चाळीसला पाचही मतं जळगावला पोचली.

पंधरा-सोळा दिवसांनी मेहरुनभाभी दुकानात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रे, दवाखान्याचे कागद आणि एक अर्ज. म्हणाली, "गिरधरभाऊ, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स काढा."

झेरॉक्स काढता काढता मी अर्ज वाचला. तो माझा धंद्याचा दोषच आहे. रहीमभाई त्या दिवशी हातगाडीवर दोन गाद्या घेऊन गिऱ्हाइकाकडे निघाला होता. रस्ता कृषी केंद्रावरूनच जातो. लोक पळाले, गाडी आडवी झाली, गाद्या उचलायला तो वाकला आणि उजव्या मनगटावर काठी बसली. दोन हाडं मोडली. तिथून त्याला थेट धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि ऑपरेशन करून आत धातूची पट्टी टाकावी लागली. इकडे गोंधळ घालणाऱ्या अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात सातवं नाव रहीमचं. आपण रांगेत नव्हतो, आपलं नाव काढा आणि मारणाऱ्याची चौकशी करा, असा तो अर्ज होता.

"भाभी, मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो. हे खरं होतं. बातमी माझीच होती, आणि माहीत मात्र मलाच नव्हतं.

तिने पिशवीतून आणखी एक कागद काढला. पेपरचं कात्रण. "जळगावला गेलो होतो अर्ज घेऊन. तिथल्या साहेबाने हे दाखवलं. म्हणे, बाई, तुम्हीच पेपरात सांगता मारलं ते बरोबर केलं, आणि आता तक्रार घेऊन येता? नवऱ्याचा हात मोडला तेव्हा सुरक्षित वाटलं का? सगळे हसले, भाऊ." मग तिने कात्रण काउंटरवर ठेवलं. "हे मी कधी बोलले?"

ती चिडलेली नव्हती. तिला खरोखरच माहिती हवी होती. धुळ्याच्या दवाखान्यात जागरणाच्या गुंगीत की रडता रडता आपण कोणाजवळ असं काही बोलून गेलो, हे ती तेव्हापासून आठवत होती. छापून आलंय म्हणजे आपण बोललोच असू, असं तिला वाटत होतं.

झेरॉक्सचे कागद मी उगाच पुन्हा जुळवले. मी म्हणालो, "बघतो भाभी, ऑफिसात विचारतो." इतका नालायकपणा मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही, पण त्या दिवशी अगदी सहज जमला.

ऑफिसात मी विचारलंही. उपसंपादक म्हणाला, "नजरचुकीने छायाचित्र बदलले, असा दोन ओळींचा खुलासा टाकतो." मी म्हणालो, त्याने भागणार नाही, साहेबाला लेखी पाहिजे की हे मत कोणाचं. तो म्हणाला, "मत तुम्ही बनवलं असं कुठे लिहून दिलंत, तर ओळखपत्र परत पाठवा. एजन्सीही दुसऱ्याला देऊ." आणि मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता?"

दोन दिवस मी त्या धोंड्याचाच विचार करत होतो. ओळखपत्र गेलं तर तहसीलमधे खुर्ची कोण देणार? चौकीत चहा कोण पाजणार? मी सुगंधाला सगळं सांगितलं, वाटलं ती तरी म्हणेल की जाऊ द्या. तिने भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "तुम्हीन तिले इचारं व्हतं का?"

"नाही."

"मंग जा नि तठे सांगा."

तिसऱ्या दिवशी मी त्या दोघांबरोबर जळगावच्या एसटीत बसलो. भाभीला आदल्या संध्याकाळीच सांगून टाकलं होतं की ते वाक्य माझं आहे. "म्हणजे मी बोलले नव्हते," एवढंच ती म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं. एसटीत रहीमभाई माझ्या शेजारी होता. प्लास्टरचा हात मांडीवर, आणि एका हाताने पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न. मी उघडून दिली. गादीला दाभण मारताना त्या हाताचा वेग मी पाहिलेला आहे. मला खिडकीबाहेर बघवेना आणि त्याच्याकडेही बघवेना.

कचेरीत चौकशी अधिकाऱ्यांनी आधी रहीमभाईचा जबाब घेतला. सहीची वेळ आली. रहीमभाई सातवी शिकलेला, त्याची सही माझ्यापेक्षा चांगली, किती तरी फॉर्मवर मी ती पाहिली आहे. त्याने डाव्या हाताने पेन धरून बघितलं, मग ठेवलं. कारकुनाने शाईचं पॅड पुढे सरकवलं.

मग माझी पाळी. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि सांगून टाकलं. अधिकाऱ्यांनी कात्रण हातात घेतलं.

"म्हणजे हे मत बाईंचं नाही. मग कोणाचं?"

"माझं, साहेब."

"तुम्ही तिथे होता?"

"नाही."

"मग सौम्य होता, हे कसं कळलं?"

"फोनवर."

कारकून टाईप करता करता थांबला, माझ्याकडे बघून पुन्हा टाईप करू लागला. अधिकारी म्हणाले की कात्रण विचारातून वगळतो, अर्ज चौकशीला घेतो, आणि गुन्ह्यातलं नाव काढायचं पत्र आजच चौकीला जाईल. भाभीने पदर डोळ्यांना लावला. माझं काम झालं असं समजून मी उठलो.

"बसा," ते म्हणाले. "बाईंना विचारलं का नाही? घर लांब आहे?"

"नाही साहेब. समोरच आहे. दुकानाचं शटर वर केलं की त्यांची ओसरी दिसते."

"त्या दिवशी दिसली?"

दिसली होती. दाराला कुलूप होतं, हातगाडी एका चाकावर कलंडून भिंतीला टेकवलेली होती, आणि एक गादी फाटून तिचा कापूस पायरीवर आला होता. त्या ओसरीकडे बघत बघतच मी तिचं मत टाईप केलं होतं.

"दिसली," मी म्हणालो.

"मग काय वाटलं तुम्हाला?"

"वाटलं, कुठे लग्नाला गेले असतील."

कारकुनाने तेही टाईप केलं, कागद माझ्यापुढे ठेवला, आणि मी त्याखाली पूर्ण नाव लिहून सही केली.