अंगणात बसवलेला इंटरकूलर

घरात शिवण काढलं की चिंध्या उरतात आणि गाडीचं काम काढलं की किस्से. चिंध्या झाडून टाकता येतात. किस्से मात्र शेजारणी जपून ठेवतात आणि मला बघितलं की पुढे करतात. तेव्हा म्हटलं, मीच सांगते. हसायचं तर माझ्यासमोर हसा!

आमची टर्बोवाली डिझेल जीप. हे ती भाड्याने चालवायचे. आमची तनू तेव्हा तीन वर्षांची, तिला दमा. महिन्यातून एकदा तिला कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं. पण भर उन्हात आंबा घाट चढताना गाडीचाच दम जायचा. ट्रकांच्या मागे रांगत, धूर खात वर पोचेपर्यंत तनूच्या छातीचा भाता झालेला असायचा. मी प्रत्येक वळणाला देव आठवायची.

हे म्हणाले, टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, मग गाडी ओढत नाही. ती हवा गार करायला इंटरकूलर असतो. आपला अगदीच चिमुकला आहे, मोठा हवा.

मी म्हटलं, मग बसवा की!

•

हे नाक्यावरच्या मिस्त्रींना विचारायला गेले. त्यांनी हात झटकले. असले उद्योग घरी करू नका, इंजिन हातचं जाईल, म्हणाले. वर ऐकवलं, "घरी बसवलेला इंटरकूलर आणि घरी कापलेले केस, चारचौघांत कळतातच."

तनूचे केस मीच कापते. त्यामुळे ते वाक्य ह्यांच्यापेक्षा मला जास्त लागलं. तशीच उठून ह्यांना एसटीडी बूथवर घेऊन गेले. कोल्हापूरच्या जुन्या बाजारातला मोठा इंटरकूलर चौथ्या दिवशी एसटीच्या टपावरून गोणपाटात गुंडाळून हजर!

•

इंटरकूलर म्हणजे बाहेरून नुसत्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, माशाच्या कल्ल्यांसारख्या. मी तो धुऊन अंगणात वाळत ठेवला. दुपारी बघते तर सासूबाईंनी त्याच्यावर सोललेल्या कोलंबीचे सोडे पसरलेले.

मी बोंब मारली. त्या शांत. "काय गो ओरडतेस? पत्रा कसा तापलाय बघ. चटईपेक्षा लवकर वाळतील."

अर्धा दिवस सुई घेऊन पट्ट्यांतून कोलंबीचा चुरा काढत बसले. तरी थोडा राहिलाच. पुढे महिनाभर इंजिन तापलं की गाडीत सोड्यांचा घमघमाट. एका पॅसेंजरने ह्यांना विचारलं, "भात पण आहे काय?"

•

काम चालू असताना सगळे नट मी एका वाटीत ठेवायची. एकदा बघते तर एक कमी. आणि तनू शेजारी बसून तोंड हलवतेय!

मग काय, दोन दिवस तिला केळी भरवली आणि तिच्या शीवर पहारा केला. हे म्हणत होते, गिळला असता तर रडली असती. मी वाटीतले नट पुन्हा पुन्हा मोजत होते.

तिसऱ्या दिवशी सासरे खाडीवर गरवून आले. बघते तर गरीच्या दोरीला वजन म्हणून तोच नट बांधलेला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "ह्याला दोन शिंगाळे मिळाले. अजून आहेत काय असले?"

•

शेवटी बसला एकदाचा. पहिली फेरी मारली तर पाइपातून शिट्टी, आणि गाडी होती त्याहून मंद. नाक्यावर मिस्त्री उभे होतेच. त्यांनी दोन बोटं कात्रीसारखी चालवून दाखवली.

ह्यांनी सगळ्या क्लिपा आवळल्या. शिट्टी जाईना. मी म्हटलं, गॅसचा सिलिंडर बदलल्यावर मी नळीला साबणाचा फेस लावून बघते, तसं बघू. ह्यांनी पाइपाचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्या तोंडाला ट्यूबचा तुकडा बांधून सायकलच्या पंपाने हवा भरली. मी फेस लावत सुटले. मिस्त्री मुद्दाम बघायला आलेले.

"ताई, ही शेगडी नाही."

"भाऊ, गळती ती गळतीच."

खालच्या जोडावर लिंबाएवढा बुडबुडा फुगला. मिस्त्री खाली वाकले आणि तो त्यांच्या नाकावर फुटला.

•

मग कोल्हापूरची फेरी आली. घाट सुरू झाला तशी मी तनूला मांडीवर घट्ट धरली, कान तिच्या पाठीला लावला. इंजिन कसं चाललंय ते मला ठाऊक नाही. मी तिचाच श्वास मोजत होते. ह्यांनी एकेक करत सगळे ट्रक मागे टाकले. वर आलो तर पोरगी झोपलेली. छातीत घरघर नाही.

डॉक्टरांनी तिची छाती पुढून तपासली, मागून तपासली. पुन्हा पुढून. मी घाबरले.

"दर वेळी येते तेव्हा धाप लागलेली असते. आज छाती अगदी मोकळी आहे. काही नवीन सुरू केलंत का?"

"हो," मी म्हटलं, "इंटरकूलर."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं, कागद पुढे ओढला. "छान. दिवसातून किती वेळा?"